नवरीचा बेस फुटतोय? वरून थर देऊ नका, खालून शोधा

वैशाखातल्या लग्नतिथी सुरू झाल्या की माझ्या फोनवर एकाच तऱ्हेचे फोटो यायला लागतात. नाकपुडीच्या कडेला बेस, म्हणजे फाउंडेशनचा थर, पापुद्र्यासारखा सुटलेला, हनुवटीवर बारीक भेगा, कपाळावरून घाम बेस घेऊन खाली उतरलेला. फोटोखाली एकच ओळ: "ताई, बेस फुटायलाय, काय करू?"

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी चौदा वर्षं पार्लर चालवते. हा बिघाड इतक्यांदा दुरुस्त केलाय की नवरी खुर्चीत बसली की डबी उघडायच्या आधी काय काय बघायचं ते आता हाताला पाठ झालंय. तेच इथं लिहिते. फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी, पैसे आणि वेळ खाणाऱ्या नंतर.

ज्यांच्यासमोर आत्ता नवरी बसलीय आणि बाहेर मुहूर्ताची घाई चाललीय, त्यांनी आधी एवढंच करा. फुटलेल्या जागेवर पावडर मारू नका, फाउंडेशनचा आणखी हात देऊ नका. इअरबडच्या टोकाला किंचित मॉइश्चरायझर घ्या आणि तेवढाच भाग खालची त्वचा दिसेपर्यंत पुसून काढा. टिश्यूनं टिपा. दोन मिनिटं थांबा. मग मसुराच्या डाळीएवढा बेस बोटावर घेऊन, बोटाच्या उबेनं थोपटून बसवा आणि कडा ओलसर स्पंजनं मिसळा. पाच मिनिटांचं काम आहे. थरावर थर दिला तर अक्षता पडेपर्यंत तोच भाग दुप्पट फुटलेला असतो, कारण खालचा सुटलेला थर वरच्यालाही सोबत घेऊन उतरतो.

आधी लक्षणं

"फुटला" हा शब्द आपण सगळ्यालाच वापरतो, पण फुटण्याचे प्रकार वेगळे आणि त्यांची मुळं वेगळी. म्हणून नवरीला उजेडाकडे तोंड करून बसवा आणि जवळून बघा.

लावल्यावर दहा मिनिटांच्या आत नाकाजवळ, भुवयांमध्ये, ओठांभोवती पापुद्रे उभे राहिले, तर त्वचा कोरडी आहे किंवा नुकतीच सोललेली आहे. तासाभरानं हसण्याच्या रेषांत आणि डोळ्यांखाली भेगा पडल्या, तर माल जास्त झालाय. लावतानाच बोटाखाली शेवयांसारख्या बारीक वळ्या निघायला लागल्या, तर खालचा आणि वरचा थर एकमेकांशी जमत नाहीयेत. नाक-कपाळावर बेस तेलाच्या थेंबांसारखा वेगळा होऊन तरंगायला लागला, तर घाम, तेल किंवा खोलीचा दमटपणा. चेहरा हळूहळू राखाडी पडला, तर शेड चुकलीय. आणि आग होतेय, खाज येतेय, लाल चट्टे उठलेत असं असेल तर पुढचं काही वाचत बसू नका, थेट शेवटच्या भागाकडे जा. तो मेकअपचा बिघाड नव्हे.

पाणी

याला एक पैसा लागत नाही आणि आमच्या भागात निम्म्या केसेस इथंच सुटतात. मराठवाड्यात उन्हाळ्यात बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. त्यात साबण लावला की साबण आणि क्षार मिळून एक चिकट, न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला पांढरट कडं धरतं ना, तेच. ते चेहऱ्यावरही बसतं आणि धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा होतो. अशा चेहऱ्यावर कितीही महागाचा बेस लावा, तो त्वचेला धरतच नाही, त्या साक्याला धरतो.

हे मला एका नवरीनं शिकवलं. जिंतूरकडच्या एका वस्तीवर लग्न होतं. पोरीचा चेहरा तीन वेळा धुवून घेतला आणि तीनही वेळा नाकाच्या कडेला बेस उठला. गालावरून बोट फिरवलं तर रव्यासारखं खरखरीत लागत होतं. कोपऱ्यात तिची बादली होती, आतून पांढरीफट्ट. मी तिच्या आईला विचारलं, "काकू, तुमच्या इथं डाळ शिजती का लवकर?" काकू म्हणाल्या, "कुठली शिजती बाई, रोज सोडा टाकावा लागतोय." मग वऱ्हाडासाठी आणलेल्या जारमधलं तांब्याभर पाणी मागून घेतलं, साबण बाजूला ठेवला, साध्या सौम्य फेसवॉशनं एकदाच तोंड धुतलं, ओल्या चेहऱ्यावरच मॉइश्चरायझर लावलं आणि दहा मिनिटं पोरीला नुसतं बसवून ठेवलं. चौथ्यांदा बेस बसला तो रात्रीच्या पाठवणीपर्यंत.

तेव्हापासून मी गावाला जाताना गाडीत पाच लिटर फिल्टरचं पाणी ठेवते. डाळीचा प्रश्न आजही विचारते, कारण पाणी जड आहे का हे घरातल्या बाईइतकं कुणालाच माहीत नसतं. लग्नाच्या आठवड्यात नवरीला रोज सकाळी चेहऱ्यावरून शेवटचा हबका तरी जारच्या पाण्याचा मारायला सांगा.

हळद

आदल्या दिवशी हळद लागते, दुसऱ्या दिवशी दुपारचा मुहूर्त. मधल्या रात्री पोरगी ती हळद निघावी म्हणून बेसन घेऊन चेहरा खसाखसा घासते, कधी पायाचं घासणंसुद्धा वापरते. सकाळी माझ्यासमोर बसते तेव्हा वरची त्वचा खरवडलेली असते. पापुद्रे तिथून येतात.

हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून पाण्यानं कितीही घासलं तरी ती निघत नाही. त्यात साबण लावला तर ती आणखी लालसर होते, कारण हळद क्षारात लाल होते. कुंकू हळदीत चुना घालून करतात ते याच गुणावर. पुष्कळ घरी साबणानंतर आलेला हा लालसर रंग बघून "पोरीला ॲलर्जी झाली" म्हणून धावपळ होते. खाज नाही, सूज नाही, फक्त रंग आहे, तर ती हळदच आहे.

उपाय स्वस्त आहे. हळदीच्या अर्धा तास आधी चेहऱ्याला आणि मानेला खोबरेल तेलाचा पातळ हात द्या. नंतर हळद काढतानाही कापसावर तेल घेऊन हलक्या हातानं पुसा, कापूस पिवळा यायचा थांबेपर्यंत, आणि मग सौम्य फेसवॉश. ज्यांना पुटकुळ्यांचा त्रास आहे त्यांनी हे तेल रात्रभर चेहऱ्यावर ठेवू नये. चेहऱ्यासाठीची हळद घरच्या भांड्यातली, आपण दळून आणलेली वापरा. आपल्याकडं वसमतची हळद मिळते, हळकुंडं आणून दळून घेणं अवघड नाही. सुटी, भडक पिवळी पूड चेहऱ्याला लावू नका, तिच्यात रंगाची भेसळ असू शकते.

आठवडाभरात चेहऱ्याला काय काय झालं

हे विचारायला दोन मिनिटं लागतात, पण सरळ उत्तर मिळत नाही. "काही केलं नाही ताई" म्हणतात आणि मग कळतं, परवा ब्लीच, काल फेशियल, आज सकाळी वरच्या ओठाचं थ्रेडिंग. ब्लीचमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया असतो, त्यानं त्वचा दोन-चार दिवस चिडलेली राहते. म्हणून माझा नियम: ब्लीच आणि डी-टॅन (उन्हाचा काळेपणा काढायचा लेप) लग्नाच्या किमान आठ दिवस आधी, फेशियल पाच दिवस आधी, थ्रेडिंग दोन दिवस आधी. आणि जे आयुष्यात कधी केलं नाही ते लग्नाच्या महिन्यात पहिल्यांदा करायचंच नाही. यावर मी कुणाचंही ऐकत नाही, नवरीच्या मावशीचंही नाही.

पुटकुळ्यांसाठी रेटिनॉलचं किंवा ॲडापॅलीनचं जेल चालू असेल तर पापुद्रे त्यानंच येतात. ते डॉक्टरनं दिलं असेल तर किती दिवस आधी थांबवायचं ते डॉक्टरलाच विचारायला लावा.

थरांचं भांडण

शेवयांसारख्या वळ्या निघतात तेव्हा पोरी स्पंजला दोष देतात. बहुतेक वेळा दोष असतो घाईचा. मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन, मग प्रायमर (फाउंडेशनखाली लावायची क्रीम), मग फाउंडेशन, सगळं पाच मिनिटांत. प्रत्येक थराला सेट व्हायला वेळ लागतो. मॉइश्चरायझरनंतर दहा मिनिटं आणि सनस्क्रीननंतर दहा मिनिटं मी घड्याळ लावून थांबते. त्या वेळात केस करते, मुंडावळ्यांची दोरी कुठं टेकणार ते बघते. कानशिलावर दोरी घासते तिथं बेस अगदी पातळ ठेवायचा, नाहीतर पहिला निघतो तिथूनच.

थांबूनही वळ्या निघत असतील तर दोन्ही डब्यांमागची यादी वाचा. पहिल्या तीन-चार नावांत डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलोक्सेन अशी "-कोन" किंवा "-सिलोक्सेन"नं संपणारी नावं असतील तर तो माल सिलिकॉनचा. नुसतं पाणी आणि ग्लिसरीन पुढं असेल तर पाण्याचा. खाली एका जातीचा आणि वर दुसऱ्या जातीचा थर दिला की घसरायची भीती असते. यादी वाचता येत नसेल, अक्षर बारीक असेल, तर तळहातावर दोन्हीचा एकेक थेंब घेऊन बोटानं मिसळा. एकजीव झालं तर ठीक. दूध नासल्यासारखं कण-कण झालं तर ते दोन चेहऱ्यावर एकत्र आणू नका. ही परीक्षा मी प्रत्येक नवीन डबीची घेते, नवरीवर वापरायच्या कितीतरी आधी.

मालाचं प्रमाणही इथंच येतं. पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढे दोन थेंब पुष्कळ होतात. डाग दिसतोय म्हणून सगळ्या चेहऱ्यावर जाड थर देऊ नका. वांग असेल तर नारिंगी करेक्टर (डाग झाकायची रंगीत क्रीम) तेवढ्याच जागी, चिमटीभर, आणि त्यावर पातळ बेस. पावडर फक्त नाक, कपाळ, हनुवटी इथंच. कोरड्या गालावर पावडर मारली की ती उरलीसुरली ओलही पिऊन टाकते आणि तासाभरात भेग पडते.

मळवट भरणाऱ्या घरी एक गोष्ट वेगळी करावी लागते. कपाळाच्या त्या पट्ट्यावर बेस देऊ नका. स्वच्छ त्वचेवर मेणाचा अगदी बारीक हात द्या आणि त्यावर कुंकू भरा, जुन्या बायका कुंकवाखाली मेण लावायच्या तसंच. बेसवर भरलेला मळवट घामासरशी नाकावर उतरतो आणि पांढऱ्या बेसवर लाल ओघळ येतो. तो पुसायला गेलं की सगळं कपाळ जातं.

खोली, कूलर आणि किट

मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो तेव्हा कार्यालयातली नवरीची खोली म्हणजे पत्र्याखालची भट्टी असते. लोक दारं-खिडक्या लावून घेतात आणि कूलर तोंडावर सोडतात. कूलर हवेत पाणी सोडत असतो. खोली बंद असेल तर अर्ध्या तासात हवा दमट होते, मग घाम वाळतच नाही आणि बेस तरंगायला लागतो. कूलरसमोरची एक खिडकी उघडी ठेवा, एवढ्यानं फरक पडतो. नवरीला आल्या आल्या खुर्चीत बसवू नका. पंधरा मिनिटं गार ओलं फडकं मानेवर ठेवा, पाणी प्यायला द्या, घाम थांबू द्या. बर्फ लावायचा तर सुती कपड्यात गुंडाळून, उघडा बर्फ चेहऱ्यावर चोळू नका.

किटचंही तसंच. दुपारी बंद गाडीत राहिलेलं फाउंडेशन उकडून निघतं, त्यातलं तेल आणि पाणी वेगळं होतं. झाकण उघडल्यावर वर तेल सुटलेलं दिसलं, वास बदललेला वाटला, तर ते कचऱ्यात. डबीमागं उघड्या झाकणाचं छोटं चित्र असतं आणि त्यावर १२ एम किंवा ६ एम असा आकडा, म्हणजे उघडल्यापासून तेवढे महिने. मी उघडलेल्या दिवशीच मार्करनं तारीख टाकते. किट थर्माकोलच्या पेटीत नेते. पेटी शंभर-दीडशे रुपयांची असते, फाउंडेशन दीड हजाराचं.

राखाडी चेहरा

याबद्दल मला कळकळीनं बोलायचंय. नवरीचा चेहरा राखाडी पडतो तेव्हा नव्वद टक्के वेळा तिच्या रंगापेक्षा दोन शेड उजळ, गुलाबी छटेचं फाउंडेशन लावलेलं असतं. सावळ्या, पिवळसर छटेच्या त्वचेवर ते राखेसारखं दिसतं. आणि ते का लावलेलं असतं? "जरा गोरी दिसू द्या" म्हणून. शेतात राबलेल्या, कॉलेजला सायकलवर जाणाऱ्या पोरीचा चेहरा, मान आणि हात वेगवेगळ्या रंगाचे असतात, यात लाजण्यासारखं काय आहे? शेड मानेशी जुळवा. जबड्याच्या कडेला एक रेघ ओढा, दारात दिवसाच्या उजेडात न्या आणि वीस मिनिटांनी पुन्हा बघा, कारण हवा आणि त्वचेचं तेल लागल्यावर काही फाउंडेशन अर्धी-एक शेड गडद होतात. पिवळ्या बल्बखाली शेड कधीच ठरवू नका. मी आईला बोलावून दोन्ही रेघा दाखवते, मानेशी जुळलेली आणि तिनं मागितलेली. उजेडात बघितल्यावर आजवर एकाही आईनं दुसरी रेघ निवडलेली नाही.

प्रत्यक्षात ठीक पण फोटोत चेहरा पांढराफट्ट, हा वेगळा बिघाड. झिंक किंवा टायटॅनियमचं सनस्क्रीन, नाहीतर सिलिकाची एचडी पावडर फ्लॅशमध्ये चमकते. रात्रीच्या रिसेप्शनला हे दोन्ही टाळा आणि घरून निघायच्या आधी मोबाइलच्या फ्लॅशनं एक फोटो काढून बघा.

त्वचाच थकलेली असेल तर

वरचं सगळं करूनही बेस उठत असेल तर त्या दिवशी इलाज नाही. त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण चार आठवडे लागतात. म्हणून लग्न ठरलं की पोरीला माझ्याकडं दीड महिना आधी पाठवा. तिला मी काही महागडं देत नाही. सकाळी साधं पाणी किंवा सौम्य फेसवॉश, सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर, वर एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन. उन्हात काम असेल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. रात्री फेसवॉश आणि मॉइश्चरायझर. स्क्रब बंद, लिंबू बंद, टूथपेस्ट बंद, नवीन सिरम बंद. पहिल्या आठवड्यात "काहीच होईना ताई" म्हणून फोन येतो, पण दर रविवारी फोटो काढत राहिलं की चौथ्या रविवारी फरक डोळ्यांनी दिसतो. मेकअपचा माल आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघून घ्यायचा तोही याच काळात.

इथं थांबा, हात लावू नका

काही चेहऱ्यांवर ब्रश टेकवणंच चुकीचं असतं. ओठ किंवा पापण्या सुजल्या, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, तर मेकअप पाण्यानं काढा आणि लगेच दवाखाना, मुहूर्त असो की नसो. ओठाजवळ पाण्याचे फोड, पू भरलेल्या पुटकुळ्या, गजकर्णाचं गोल कडं, ओली जखम असेल तर तिथं माल लावू नका. तोच ब्रश दुसऱ्या नवरीला लागतो हेही ध्यानात ठेवा.

आणि मला सगळ्यात जास्त भेटणारी गोष्ट: मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली "गोरं व्हायची" ट्यूब. पहिले पंधरा दिवस चेहरा काचेसारखा होतो, म्हणून बहिणी-बहिणी एकच ट्यूब वापरतात. मग त्वचा पातळ होते, गालावर बारीक लाल शिरा दिसतात, बारीक पुटकुळ्या येतात, लव वाढते, उन्हात आग होते, आणि ट्यूब थांबवली की चेहरा आणखी पेटतो, म्हणून पोरगी परत तीच लावते. ट्यूबवर बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल असं नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. केंद्र सरकारनं २०१८ साली अशी १४ मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. पत्ता, बॅच नंबर, घटकांची यादी काहीच नसलेल्या डबीतल्या क्रीमचीही तीच भीती. अशात पारा सापडतो आणि पारा त्वचेतून शरीरात जाऊन किडनी बिघडवतो.

अशा चेहऱ्यावर मी फेशियल करत नाही, पैसे परत देते. ट्यूब स्वतःच्या मनानं चालूही ठेवू नका आणि मनानं एकदम तोडूही नका. त्वचारोगाच्या डॉक्टरकडे जा, ते कशी थांबवायची ते सांगतात. खाजगी परवडत नसेल तर लातूर, नांदेड, अंबाजोगाई इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत आणि छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्यात त्वचारोगाची ओपीडी असते. सकाळी लवकर जा. चेहऱ्याला काहीही न लावता जा, पावडरसुद्धा नको. वापरलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या, रिकाम्या असल्या तरी, एका पिशवीत घालून सोबत न्या, आणि कोणती किती महिने लावली ते कागदावर लिहून न्या, कारण डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.